चौकट आणि चौक

कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतल्या घरात पाऊल टाकलं की सोप्याच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, पुढे कललेल्या तसबिरींची रांग दिसते. खिळा उंच, दोरी लांब आणि चौकटीची खालची कड दोन खुंट्यांवर टेकलेली. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला चेहरा सरळ दिसावा, काचेवर उजेड चमकू नये, म्हणून ही कलती ठेवण. मधोमध अंबाबाई किंवा जोतिबा. एका अंगाला शिवाजी महाराज, दुसऱ्या अंगाला राजर्षी शाहू. मग घरातली माणसं: फेटेवाले आजोबा, खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकलेली नऊवारीतली आजी, खांद्यावर गदा घेतलेला चुलता, पलटणीत गेलेला एखादा मामा. रांगेच्या टोकाला, जिथे जागा उरली तिथे, एखाद्या पुढाऱ्याबरोबरचा रंगीत फोटो. कारखान्याच्या सभेतला, नाहीतर लग्नाच्या मांडवातला. पुढारी बदलला की हा शेवटचा फोटो बदलतो. बाकीची रांग हलत नाही.

या पुस्तकाचा पहिला भाग अशा भिंतींचाच आहे. पुढच्या भागांत स्टुडिओतले फोटो आहेत, तालमींतले आहेत, दूध संस्था आणि सेवा सोसायट्यांच्या कचेऱ्यांतले आहेत, आणि शेवटी चौकातले. संपादकांनी ते शहरातून, करवीर, कागल, शिरोळ, पन्हाळा या तालुक्यांतून, घरोघर चहा पीत गोळा केले. काही फोटो नामांकित हातांनी काढलेले असतील. बहुतेकांमागे कुणाची सही नाही. प्रस्तावना लिहा असं मला सांगितलं गेलं तेव्हा अपेक्षा अशी असावी की मी कोल्हापूरच्या फोटोग्राफीचा इतिहास सांगेन. तो ओघाने येईल. पण पानं उलटताना माझी नजर पुन्हा पुन्हा दुसऱ्याच गोष्टीवर अडकली. हे फोटो एका राखणाऱ्या, जपणाऱ्या, जुनं सहजी मोडू न देणाऱ्या समाजाचे आहेत, आणि या समाजाचं राजकारण भाषणांपेक्षा भिंतीवर जास्त खरं दिसतं.

‘पुरोगामी कोल्हापूर’ हे शब्द इथल्या प्रत्येक व्यासपीठावर माइकची चाचणी घेतल्यासारखे उच्चारले जातात. त्यामागे खरी कमाई आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांना त्यांनी पुढे आणलं. दसरा चौकात मराठा, मुस्लिम, जैन, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागलांनी बिंदू चौकात महात्मा फुल्यांबरोबर डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसवला, तो बाबासाहेब हयात असताना. बागल स्वतः चित्रकार होते. माणसाच्या डोळ्यांसमोर काय उभं करायचं याला राजकारणात किती वजन असतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नसणार. हे सगळं खरं. आणि याच शहरात मान, घराणं, कुळी, सोयरीक, मानपान, पेठेची इभ्रत या गोष्टी इतक्या घट्ट आहेत की भल्याभल्या पुरोगाम्याची त्यापुढे जीभ अडखळते, हेही खरं. परगावचा पत्रकार येतो, यातली एक बाजू पाहतो आणि दुसरीला ढोंग म्हणून मोकळा होतो. या पुस्तकात दोन्ही बाजू एकाच भिंतीवर टांगलेल्या आहेत, शेजारी शेजारी, आणि घरातल्या कुणाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

स्टुडिओचा भाग मला सर्वांत आवडला, म्हणून त्याबद्दल जरा लांबवून लिहितो. जुन्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर महिरप, संगमरवरी जिना, दूरवर तळं आणि त्यात हंस. खरा रंकाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, पण रंकाळ्यावर जाऊन फोटो काढणं त्या काळी कुणाला सुचायचं नाही. फोटोतलं तळं वेगळं, म्हशी धुवायचं तळं वेगळं. खुंटीला स्टुडिओचा कोट टांगलेला असे. तो सगळ्यांच्या मापाचा, म्हणजे कुणाच्याच मापाचा नसे. बाह्या लांब असल्या की हात मागे बांधायला सांगत. एका फोटोत हा कोट एका शेतकऱ्याच्या अंगावर आहे आणि खाली धोतर, त्याखाली कापशी चपला. वरून साहेब, खालून कागलचा गडी. काढणाऱ्याने फोटो कमरेपर्यंत घ्यायचा ठरवला असावा आणि शेवटच्या क्षणी मत बदललं असावं. कारण चपला नव्या कोऱ्या होत्या, आणि त्या दिसाव्यात हा आग्रह बसलेल्याचा असणार.

निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करत. देवीचे वण पुसत, गाल भरत, रंग एक छटा उजळ करत. ‘आहे तसा’ फोटो कुणालाच नको असे. माणसाला आपण जसे असायला हवे होतो तसा फोटो हवा असे, आणि तो एकदाच काढायचा असे. पुढची पन्नास वर्षं तोच भिंतीवर राहणार आणि शेवटी त्यालाच हार पडणार. त्यामुळे या फोटोंत कुणी हसत नाही. लोक दुःखी होते म्हणून नव्हे. आपल्या पश्चात नातवंडांकडे कसं बघायचं, याची ती तयारी होती.

याच भागात मुलगी दाखवायच्या फोटोंची काही पानं आहेत. पोस्टकार्ड आकाराचा, उभा, पायापासून डोक्यापर्यंत. शेजारी तिवई, तिवईवर फुलदाणी, एक हात फुलदाणीजवळ. पदर दोन्ही खांद्यांवरून. घरातल्या बाईचा घराबाहेर फिरणारा हा एकच फोटो, म्हणून त्याचे नियम कडक. मध्यस्थाच्या हाती द्यायचा, पाहुण्यांनी नकार दिला तर परत मागवून घ्यायचा. जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, ते सांगतात की काही बाप पैसे देतानाच निगेटिव्हही मागून न्यायचे. मुलीची प्रत दुकानात राहायला नको. आता बायोडाटा व्हॉट्सॲपवर जातो आणि परत मागवायची सोय उरलेली नाही. पण त्यात ‘९६ कुळी’ ही ओळ नावानंतर लगेच येते, शिक्षणाच्याही आधी. आणि हा बायोडाटा ज्या घरातून निघतो तिथे आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता देणाऱ्या शाहू महाराजांची तसबीर वर असतेच. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे महाराजांवरचं प्रेम आणि महाराजांचं ऐकणं ही दोन खाती वेगळी ठेवलेली आहेत, एवढंच.

कॅमेऱ्याची गोष्ट कोल्हापुरात उशिरा नाही, फार आधी सुरू झाली. आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे आतेमामेभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. हलत्या चित्राचं वेड लागलं आणि त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवायचं मनावर घेतलं. आनंदराव मध्येच गेले. बाबुरावांनी दादासाहेब मिस्त्रींच्या मदतीने, लेथवर एकेक भाग कातून, तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. खरी कॉर्नरला या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. त्याच्याकडे बघायला वाहनांची गर्दी सहसा सवड देत नाही.

या प्रस्तावनेच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन चित्रपट त्यानंतरचे. १९२३ चा ‘सिंहगड’ आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’. पहिल्यात तानाजी, गड, मावळे, तलवारी. दुसऱ्यात कर्जात बुडालेला कुणबी, त्याची जमीन गिळणारा सावकार, आणि जमीन गेल्यावर शहराकडे लागलेली वाट. कुणब्याचं काम तरुण व्ही. शांतारामांनी केलं होतं. दोन्ही चित्रं बाबुरावांचीच, दोन वर्षांच्या अंतरातली. गेल्या शंभर वर्षांतलं कोल्हापूरचं राजकारण मला या दोन चित्रांमध्ये मावतं असं वाटतं. कधी ते ऊसदर, पाणी, कर्ज, दूध यावर उभं राहिलं, तेव्हा ‘सावकारी पाश’ चालू होता. कधी गड, इतिहास, अस्मिता यावर उभं राहिलं, तेव्हा ‘सिंहगड’. आणि प्रेक्षक तेच. एका आठवड्यात ऊसदरासाठी रस्ता अडवणारा पोरगा पुढच्या आठवड्यात भगवा घेऊन मोटारसायकलच्या रांगेत असतो, आणि त्याला दोन्हीकडे घरचंच वाटतं.

चित्र कुणाचं, हा प्रश्न त्या पिढीने आजच्या रीतीने विचारला नाही. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सराफीतले सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. तिथे १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ झाला, ज्याने तुकोबांचा चेहरा महाराष्ट्राच्या मनावर कायमचा छापला. दिग्दर्शक दोन: विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल. आमच्या घराघरांतल्या भक्तीच्या चित्रात एका मुसलमान कलावंताचा हात आहे. त्याही आधी शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार आबालाल रहिमान इथल्या पाण्याकाठचा उजेड रंगवत होते. ही नावं सद्भावनेच्या भाषणांत घ्यायची म्हणून मी घेत नाही. कोल्हापूरची नजर ज्यांनी घडवली त्यांची यादी करायला बसलं की ती टाळता येत नाहीत.

आणि याच शहराने चित्रं जाळलीही आहेत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव गेले, त्यात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजी हिंदुत्वाच्या विचारांचे, आणि शिवकालाचं जे चित्र आज बहुजन पोरांच्या डोळ्यांपुढे आहे ते रंगवण्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांनी राख झाडली, कर्ज काढलं, पुन्हा शिवकालच उभा केला. १९९१ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. त्या जाळपोळीबद्दल गावात अजून मोकळेपणाने बोललं जात नाही. घर जळतं तेव्हा भांडीकुंडी नंतर घेता येतात, भिंतीवरची माणसं पुन्हा मिळत नाहीत.

पाण्याचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी उतरल्यावर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांत गाद्या, पोती, भांडी उन्हात आली, त्यांच्या शेजारी लग्नाचे अल्बम. या पुस्तकात अशा अल्बममधल्या एका पानाचा मोठा फोटो आहे. प्लास्टिकखाली पाणी शिरून नवऱ्याच्या फेट्याचा गुलाबी रंग नवरीच्या चेहऱ्यावर ओघळलाय. दोघांची ओळख पटते ती मुंडावळ्यांवरून. फोटो मागायला गेलेल्यांना घरधनिणीने तो अल्बम दाखवला, पण ती तो टाकून द्यायला तयार झाली नाही. माझ्या मते पुस्तकातलं हे सगळ्यात चांगलं पान आहे.

सहकाराच्या कचेऱ्यांतल्या फोटोंवरून मी पटकन पुढे जाणार होतो. एकसारखी टेबलं, एकसारखे सत्कार, शाल, श्रीफळ. पण त्यांतल्या भिंती बघा. शाहू महाराज, यशवंतराव चव्हाण, मग संस्थापक: पंचगंगा कारखान्यावर रत्नाप्पाण्णा कुंभार, वारणेवर तात्यासाहेब कोरे. रत्नाप्पाण्णा प्रजा परिषदेचे लढवय्ये आणि संविधान सभेचे सदस्य. शेतकरी कामगार पक्षानेही या जिल्ह्यात लाल बावटा दीर्घकाळ फडकत ठेवला, एन. डी. पाटलांच्या सभेला येणारे हात नांगरटीचेच असत. या राजकारणाने शेतकऱ्याला वजनकाटा, बँक, शाळा दिली. घरातली व्यवस्था मात्र त्याने फारशी हलवली नाही. या भागातल्या फोटोंत बायका शोधा: ओवाळणारी एक, हळदीकुंकवाची रांग, मागच्या दाराशी चहाचा ट्रे घेतलेली दुसरी. दुधाच्या धारा त्यांनी काढलेल्या, सभासदाचं कार्ड मालकाच्या नावाचं. दलित वस्तीतले फोटो तर या कचेऱ्यांत जवळपास नाहीतच. संपादकांना ते बुद्धविहारांतून आणि घरांतून वेगळे गोळा करावे लागले. डाव्या आणि मधल्या पक्षांचा हा अंगभूत जुनेपणा पुढे हिंदुत्वाच्या राजकारणाला आयता मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात शिवसेनेच्या शाखा पेठापेठांत निघाल्या, तेव्हा त्यांना जमीन नांगरावी लागली नाही. तालीम होती, मंडळ होतं, शिवजयंती होती. फलक तेवढा नवा.

तालमींचा भाग पाहताना वाचकाने सावकाश जावं. लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीवर शाहू महाराज आणि पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे. कोल्हापुरात मोहरमचे पंजे पूर्वापार तालमींत बसतात, आणि ते बसवणाऱ्यांत हिंदू पोरं असतात. २०१८ आणि २०१९ साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. तेव्हाचा एक फोटो आहे: एकाच खोलीत, एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला पंजा, मध्ये ऊद आणि उदबत्तीचा मिसळलेला धूर, आणि पुढे दोन कार्यकर्ते वर्गणीच्या पावत्यांचा हिशेब जुळवत बसलेत. त्यांना आपण काही थोर करतोय असं अजिबात वाटत नाहीये. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे हे कोल्हापूरकर परगावच्या पाहुण्याला आवर्जून दाखवतो. या सलोख्याचं मूळही परंपरेतच आहे, हे विसरू नये. ‘आमच्या आज्यापासून चालत आलंय’ हेच त्याचं समर्थन. कुणी मोडायला आलं तर जुनं राखणारी माणसंच आडवी येतात. आणि कुणी ‘त्याच्याही आधीचं जुनं’ दाखवलं तर तीच माणसं गोंधळतात.

फोटोवरून एखादा समाज कसा उसळतो ते सांगायला इथे जरा लांबची गोष्ट. १९३६ साली अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ सपाटीवर दुष्काळ पडला होता. सरकारने पाठवलेला आर्थर रॉथस्टीन हा तरुण फोटोग्राफर साउथ डकोटात एका बैलाची कवटी सापडली म्हणून थांबला. भेगाळलेल्या जमिनीवर त्याने तिचा फोटो काढला, मग उजेड आणि सावली हवी तशी मिळावी म्हणून कवटी थोडी हलवून आणखी काढले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्या भागात येत होते. नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या वर्तमानपत्राने बोंब उठवली, की हा फोटो बनावट आहे, सरकार आमच्या मुलखाची बदनामी करतंय. रूझवेल्टविरोधकांनी ती देशभर नेली. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी होती. पण त्यानंतर चर्चा पिकांची आणि कर्जाची राहिली नाही. कवटी किती फूट सरकवली याची झाली. शेतीवर जगणारा, आपल्या मुलखाचा अभिमान असलेला, बाहेरच्याने आपल्याला कसं दाखवलं यावर चटकन उसळणारा तो समाज मला परका वाटत नाही. त्यांच्या जागी आमचा करवीर तालुका असता तर याहून वेगळं काही घडलं नसतं.

आमच्याकडचा तसा फोटो घ्या. जून २०१७ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीला एका पूजेत घागरा-चोळी नेसवली गेली. देवीची रोजची अलंकार पूजा इथे हजारो फोनवर सकाळ-संध्याकाळ पोचते, तसा तोही फोटो पोचला. काठापदराच्या साडीतली आई या वेषात पाहून शहर उसळलं. आता याला काय म्हणायचं? वेष बदलला म्हणून भडकलेली भावना पक्की परंपरावादी. पण तिच्यातून उठलेलं आंदोलन वंशपरंपरागत पुजाऱ्यांविरुद्ध गेलं, शाहू महाराजांना वेदोक्त विधी नाकारल्याच्या जुन्या जखमेपर्यंत जाऊन भिडलं, आणि २०१८ मध्ये पगारी पुजारी नेमण्याचा कायदा झाला. सत्यशोधकांना जे हवं होतं ते साडीच्या आग्रहातून मिळालं. कोल्हापूरचं राजकारण पुस्तकी खणांत का बसत नाही ते मला याहून नेमकं सांगता येणार नाही.

सहा वर्षांनी दुसरा फोटो आला. २०२३ च्या जूनमध्ये, शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, काही पोरांनी औरंगजेबाचं उदात्तीकरण करणारे स्टेटस ठेवले. ७ तारखेला हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट बंद झालं. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसला जातो. भिंतीवरचा फोटो पन्नास वर्षं टिकावा म्हणून माणूस घामाघूम होऊन कोट घालत असे. हा फोटो एका दिवसात जाणार हे ठेवणाऱ्याला माहीत असतं, आणि तेवढ्या अवधीत तो कुणाला तरी झोंबावा यासाठीच ठेवलेला असतो. दुसऱ्या बाजूने त्याचा स्क्रीनशॉट काढून पसरवणाऱ्याचाही हेतू तोच. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या अतिक्रमणविरोधी मोहिमेच्या दिवशी वाटेवरच्या गजापुरात मशीद आणि मुसलमानांची घरं फोडली गेली, तेव्हा फोडणाऱ्यांतल्या काहींच्या हातात मोबाइल होते आणि ते चालू होते. याच्या उलट, कॉम्रेड गोविंद पानसरे शिवाजी महाराज कोण होते ते सभांतून, छोट्या पुस्तकातून, शांतपणे सांगत फिरले. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांना याच शहरात गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्यानंतर महाराजांबद्दल मुद्देसूद बोलणं अवघड झालं आणि महाराजांचा फोटो वापरणं फार सोपं झालं.

संपादकांनी २०२३ आणि २०२४ चे दंगलीचे फोटो पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांचं म्हणणं, ते फोटो ज्या कामासाठी काढले गेले तेच काम ते पुस्तकातही करतील. मला हे अर्धंच पटतं. गजापुरातल्या एखाद्या घराची रिकामी भिंत, तसबिरींच्या जागी उरलेले चौकोनी डाग, एवढं तरी यायला हवं होतं. घराच्या आतल्या भिंतीपासून सुरू होणाऱ्या पुस्तकात ते उपरं वाटलं नसतं. आमचा यावर वाद झाला आणि निर्णय त्यांचा राहिला.

फ्लेक्सचा शेवटचा भाग मात्र त्यांनी दिलखुलास केलाय. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. वर दैवतं, मध्ये नेता, खाली कार्यकर्त्यांचे गोल चेहरे, ज्याने जास्त पैसे दिले त्याचा गोल मोठा. स्टुडिओतला पेन्सिलवाला गेला, पण गाल भरायचं आणि रंग उजळ करायचं काम संगणकावरचा पोरगा इमानेइतबारे करतो. २०१९ च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ या दोन शब्दांनी जिल्हा रंगला होता. ते फ्लेक्सही इथे आहेत. नक्की काय ठरलंय हे फ्लेक्सवर लिहिलेलं नव्हतं आणि कुणाला विचारावंही लागलं नाही. हे पुस्तकातलं सर्वांत विनोदी पान, आणि त्याच्या समोरचं पान सर्वांत अवघड: एका बालमृत्यूचा श्रद्धांजली फ्लेक्स, त्यावरही नेत्याचा फोटो.

निकालांचे आकडे लक्षात ठेवून हा भाग पाहिला तर आणखी गंमत. २०१४ ला दहापैकी सहा आमदार शिवसेनेचे. २०१९ ला भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील याच जिल्ह्याचे, आणि जिल्ह्यात भाजपला एकही जागा नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभेला काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला महाविकास आघाडीला दहापैकी एकही जागा मिळाली नाही. आणि त्या महायुतीच्या लाटेत कागलमधून पुन्हा निवडून आले ते हसन मुश्रीफ. दिल्ली-मुंबईचे विश्लेषक याला लाट म्हणोत किंवा उलथापालथ. फोटोंत चेहरे तेच आहेत. एकाच चौकातले, एकाच कोनातून, तीन निवडणुकांचे तीन फ्लेक्स संपादकांनी एका पानावर लावलेत. नेत्याचा चेहरा आणि झेंड्याचा रंग बदललाय, खालचे गोल चेहरे बरेचसे जागच्या जागी; एकाचे केस गेलेत, एकाने दाढी राखली आहे, एक आता वरच्या ओळीत सरकलाय. फोटोखाली चौकाचं नाव आणि साल एवढंच छापलंय. पक्षाचं नाव संपादकांनी मुद्दाम गाळलं आहे.